पोर्टेबल एसी, त्याचं पाणी आणि निगा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचं घर ठाण्यात, भाड्याचं, चौथ्या मजल्यावर. घरमालक स्प्लिटसाठी भिंतीला भोक पाडू देत नाहीत आणि खिडकीला वेल्डिंग केलेलं ग्रिल असल्यामुळे विंडो एसी बसत नाही. म्हणून चाकांवरचा एक टनी पोर्टेबल एसी घेतला. हा चौथा उन्हाळा. आमचं बघून बिल्डिंगमध्ये आणखी तिघांनी घेतला, आणि तेव्हापासून मे महिन्यात दारावरची बेल वाजली की निम्म्या वेळा विषय पाण्याचाच असतो. तेच प्रश्न इथे उत्तरांसकट लिहून ठेवले आहेत. तुमच्या मशीनच्या पुस्तिकेत काही वेगळं लिहिलं असेल तर पुस्तिकेचं ऐका.

आम्ही यात पाण्याचा थेंब टाकत नाही. मग एवढं पाणी येतं कुठून?

खोलीतल्या हवेतून. थंड ताकाच्या पेल्याला बाहेरून घाम फुटतो, तेच मशीनच्या आत गार कॉइलवर होतं. फरक इतकाच की इथे पंखा सतत नवी हवा त्या कॉइलवर आणून सोडत असतो, त्यामुळे घामाची धार होते.

एकदा बसून हिशेब केला. मे महिन्यातल्या आपल्याकडच्या संध्याकाळी ३२ अंश तापमान आणि ७५ टक्के आर्द्रता धरली, तर एक घनमीटर हवेत साधारण २५ ग्रॅम पाणी असतं. खोली २६ अंशांवर आणि ५५ टक्क्यांवर आणली की तेवढ्याच हवेत १३ ग्रॅम उरतं. म्हणजे दर घनमीटरमागे १२ ग्रॅम पाणी काढावं लागलं. १० बाय १२ ची, १० फूट उंचीची खोली म्हणजे ३४ घनमीटर. गुणाकार करा : ४०० ग्रॅम, जवळपास दोन पेले. हे झालं खोलीतल्या हवेचं एकदाचं पाणी. पण एका पाइपचा पोर्टेबल एसी खोलीतली हवा पाइपातून सतत बाहेर फेकतो आणि तिच्या जागी दाराखालून, खिडकीच्या फटीतून बाहेरची दमट हवा आत येतच राहते. दोन पेले, परत दोन पेले, परत दोन पेले.

जाता जाता सांगते, एसीचा जन्मच ओलाव्यापायी झाला. १९०२ मध्ये ब्रुकलिनच्या एका छापखान्यात दमट हवेने कागद फुगायचा-आकसायचा आणि रंगांवर रंग नीट बसायचे नाहीत. त्यावर उपाय म्हणून विलिस कॅरिअर या तरुण इंजिनिअरने यंत्रणा आखली. तेव्हा मशीन पाणी काढतंय म्हणजे ते बिघडलंय असं नाही. ते त्याचं मूळ काम करतंय.

दुकानदार तर म्हणाला होता, पाणी आपोआप उडून जातं, काढावं लागत नाही.

तो खोटं बोलला नाही, अर्धं बोलला. वरच्या गार कॉइलवरचं पाणी खाली ट्रेमध्ये उतरतं. तिथे एक छोटं चाक असतं, ते फिरून हे पाणी खालच्या तापलेल्या कॉइलवर उडवतं. पाण्याची वाफ होते आणि गरम हवेबरोबर जाड पाइपातून बाहेर जाते. यात फायदाही आहे : गरम कॉइल निवते, मशीनला दम कमी लागतो. मशीनमधून मधूनच खळखळ, चुळुक असा आवाज येतो तो याचाच. घाबरू नका.

पण चाक उडवून उडवून किती उडवणार? हवेतून पाणी येण्याचा वेग त्यापेक्षा जास्त झाला की उरलेलं ट्रेमध्ये साठतं. कोकणपट्टीत, मुंबई-ठाण्यात, गोव्यात मे महिन्याच्या मध्यापासून पाऊस पडेपर्यंत हे होणारच. मार्चमध्ये आम्हाला आठवडेच्या आठवडे पाणी काढावं लागत नाही. मेच्या शेवटी एका रात्रीत दोनदा काढलंय.

माझी नणंद नागपूरला असते. तिच्याकडे हेच मॉडेल आहे, पण तिला कधीच पाणी काढावं लागत नाही. माझंच मशीन खराब निघालं का?

नाही. तिची हवा कोरडी आहे. नागपूरच्या मे महिन्यातली ४४ अंशांची दुपार घ्या, आर्द्रता १५ टक्के. एका घनमीटरमध्ये पाणी भरतं फक्त ९ ग्रॅमच्या आसपास. आणि वर बघितलं तसं, आपण एसी लावून गार केलेल्या ठाण्याच्या खोलीतच १३ ग्रॅम असतं! तिच्या मशीनला काढायला पाणीच नाही. ऊन तिच्याकडे जास्त, घाम आपल्याकडे जास्त.

त्यामुळे नागपूर, अकोला, जळगावकडच्या कुणी दिलेला सल्ला मुंबईत चालेलच असं नाही, आणि उलटही. एक गोष्ट मात्र तिकडच्यांना सांगायची आहे : कूलर आणि एसी एकाच खोलीत एकत्र चालवू नका. कूलर वाळ्याच्या नाहीतर गवताच्या पॅडमधून हवेत पाणी घालतो, एसी तेच पाणी काढत बसतो. बिल दोन्हीचं येतं.

मध्यरात्री मशीन पिक-पिक करून थांबतं. पडद्यावर कसली तरी अक्षरं येतात, पंखा फिरतो पण गारवा नाही.

ट्रे भरला. आत एक फ्लोट असतो, फ्लशच्या टाकीत असतो तसाच, छोटा. पाणी वर आलं की तो उचलला जातो आणि कॉम्प्रेसर बंद पडतो, नाहीतर पाणी फरशीवर आलं असतं. कंपनीप्रमाणे खूण वेगळी : कुठे पी१, कुठे एफएल, कुठे नुसता थेंबाचं चित्र असलेला लाल दिवा. पुस्तिकेच्या त्या पानाचा फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवा. रात्री अडीच वाजता पुस्तिका सापडत नाही.

ट्रे रिकामा करूनही खूण जात नसेल तर फ्लोट घाणीने अडकला असण्याची शक्यता जास्त. प्लग काढून मशीन दोघांनी हलकंसं पुढेमागे डोलवा. पुष्कळदा तेवढ्याने सुटतो. नाही सुटला तर मेकॅनिक. फ्लोटच्या वायरी आपण जोडून ‘जुगाड’ करू नये. आमच्या ओळखीत एकाने केला आणि सकाळी पलंगाखालच्या गाद्या उन्हात घालाव्या लागल्या.

पाणी काढायचं कसं? आमची तर दरवेळी खोलीभर नदी होते.

आमचीही व्हायची. चुका करत करत जे जमलं ते असं.

मशीन बंद करून प्लग काढा आणि दहा मिनिटं जाऊ द्या. वरच्या कॉइलवरून निथळणारं पाणी तेवढ्यात खाली येतं. मग मशीन मोरीच्या किंवा बाल्कनीच्या कडेला न्या, पण सावकाश. भरलेला ट्रे घेऊन मशीन सरकत्या दाराच्या पट्टीवरून धडधडत नेलंत तर वाटेतच सांडतं.

पाणी काढायचं खालचं भोक मागच्या बाजूला, जमिनीपासून जेमतेम दीड-दोन इंचांवर असतं. परात तिथे शिरत नाही, तिचा काठ उंच. पातेलं तर विसराच. मी वड्या थापायची बुटक्या काठाची थाळी वापरते. तिच्यात तीन-चारशे मिलिलिटर मावतं आणि आमच्या ट्रेमधून मोजून ७०० मिलिलिटर निघालं होतं, म्हणजे एका थाळीत काम होत नाही. म्हणून आटा असलेलं झाकण आधी काढायचं, मग आतलं रबरी बूच एका हाताने अर्धवट ओढायचं, थाळी पाऊण भरली की बूच परत दाबायचं, थाळी ओतायची, पुन्हा सुरू. धार बारीक झाली की दुसऱ्या माणसाला मशीन भोकाच्या बाजूला किंचित कलतं धरायला सांगा. मशीन २५-३० किलोचं असतं, एकट्याने पाठ दुखवून घेऊ नका.

शेवटी आधी बूच, मग झाकण, दोन्ही घट्ट. आणि बुचाला दोरा बांधून मशीनच्या मागच्या जाळीला अडकवा. पहिल्या वर्षी आमचं बूच हातातून निसटून मोरीच्या जाळीतून गेलं. दोन दिवस स्केचपेनच्या टोपणाला सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून भागवलं. त्या मापाचं बूच बाजारात शोधून बघा, म्हणजे दोऱ्याचं महत्त्व कळेल.

रात्री उठायचा कंटाळा येतो. नळी लावून पाणी आपोआप जाऊ देता येईल का?

येईल, आणि समुद्राजवळ राहणाऱ्यांनी मेपासून तेच करावं असं माझं मत आहे. पण पाणी उताराने जातं, आपल्या सोयीने नाही, हे लक्षात ठेवून.

बहुतेक मशीनना मागे दोन भोकं असतात : एक तळाशी, एक वर मधोमध. आपली पहिली उडी खालच्या भोकाला नळी लावून ती बाथरूममध्ये सोडायची. आम्हीही तेच केलं. नळीत पाणी दिसत होतं, पुढे सरकत नव्हतं. कारण आपल्या बाथरूमला दोन-तीन इंचांचा उंबरा असतो आणि भोक त्या उंबऱ्याहून खाली! पाणी वर चढणार कसं?

उपाय दोन. एक, वरच्या भोकाला नळी लावायची. ते उंबऱ्याहून बरंच वर असतं, त्यामुळे उतार मिळतो. वरच्या कॉइलचं पाणी ट्रेमध्ये उतरण्याआधीच तिथून निघून जातं. तोटा एवढाच की खालच्या गरम कॉइलवर उडवायला पाणी कमी पडतं आणि गारवा थोडासा उतरतो. आम्हाला तो फरक जाणवला नाही, झोप मात्र जाणवली. दुसरा उपाय, मशीन एखाद्या मजबूत, बुटक्या लाकडी पाटावर चढवायचं, चाकं अडकतील अशा पट्ट्या ठोकून. प्लॅस्टिकच्या स्टुलावर चढवू नका. मशीन थरथरतं आणि सरकतं.

नळी कुठली? खोक्यातून येते ती वीतभर. हार्डवेअरच्या दुकानात गवंडी पाणसळीसाठी वापरतात ती पारदर्शक नळी मागा. जाताना मशीनचं तोंड मोजून किंवा झाकणच खिशात घालून न्या. आत काय चाललंय ते दिसतं, हा पारदर्शक नळीचा मोठा फायदा. तोंडावर बसवून स्टीलची पट्टी आवळा. नळी कुठेही पोट खाली पाडून लोंबकळू देऊ नका, आणि तिचं टोक बादलीतल्या पाण्यात बुडू देऊ नका. टोक बुडालं की आतली हवा अडकते आणि पाणी थांबतं.

नळी लावली, उतारही आहे, तरी पाणी येत नाही.

तीन गोष्टी बघा. आतलं रबरी बूच काढायचं राहिलंय का (हसू नका, आमच्याकडे दोघांकडून झालंय). नळी पलंगाच्या पायाखाली दबलीय का. आणि नळीत बुळबुळीत, तपकिरी-गुलाबी थर साचलाय का. हा थर दर उन्हाळ्यात येतो. नळी काढून तिच्यात पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं घालून अर्धा तास ठेवा, मग नळाच्या धारेने धुवा. ब्लीचिंगचं पाणी वापरायचं असेल तर नुसतं तेच, व्हिनेगरबरोबर कधीच नाही. दोन्ही एकत्र आले की विषारी क्लोरीन वायू निघतो. आणि ब्लीच मशीनच्या आत तर घालूच नका, ॲल्युमिनियम खातं.

नळी सरळ खिडकीबाहेर सोडली तर?

खाली कोण राहतं यावर अवलंबून. त्यांच्या खिडकीवर पत्र्याची शेड असेल तर रात्रभर टप-टप-टप, आणि सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर तुमच्या फ्लॅटचा नंबर. शिवाय भिंत ओली राहून रंग सुटतो. बाल्कनीत पाणी जायला जाळी असेल तर तिथे सोडा.

बादलीत साठलेलं पाणी दोन-चार दिवस राहिलं तर चालेल ना? स्वच्छच तर असतं.

रोज ओता. डेंग्यूचा डास, एडिस, घाणीत नाही, अशाच स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो. अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण आठवडा-दहा दिवस लागतात. पावसाळ्यात महापालिकेचे लोक घरी येऊन कुंड्यांखालच्या बशा आणि फ्रिजमागचा ट्रे बघतात, ते याचसाठी. त्यात एसीची बादलीही धरा. नुसतं ओतून भागत नाही, बादली आतून घासा. अंडी कडेला चिकटतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने टिकतात.

हे पाणी कशाला वापरता येतं? इन्व्हर्टरच्या बॅटरीत घातलं तर? डिस्टिल्ड वॉटरच ना ते?

हा प्रश्न दरवर्षी येतो, आणि विचारणारे प्रत्येक वेळी एखाद्या बिल्डिंगमधले काकाच असतात. तत्त्व तेच आहे, वाफेचं पाणी झालंय, त्यात क्षार जवळपास नसतात. पण ते तांबं-ॲल्युमिनियमच्या कॉइलवरून, तिथल्या धुळीवरून आणि बुळबुळीत ट्रेमधून आलेलं असतं. धातूचे अंश आणि धूळ बॅटरीला चालत नाहीत. बॅटरीच्या किमतीपुढे डिस्टिल्ड वॉटरच्या कॅनची किंमत काहीच नाही.

पिण्याला, स्वयंपाकाला, भांड्यांच्या शेवटच्या धुण्याला नाही. लादी पुसायला, बाल्कनी धुवायला, फ्लशला खुशाल वापरा. शोभेच्या झाडांना चालतं. तुळस, कढीपत्ता, मिरची अशा खायच्या झाडांना मी घालत नाही. मे महिन्यात पाणीकपात असते तेव्हा रोजची एक बादली लादीला पुरते, हे मात्र खरं.

मशीनखाली पाणी येतंय, पण ट्रे भरल्याची खूण नाही.

पाणी काढल्यावर बूच नीट बसलंय का ते आधी बघा. दहांतल्या आठ वेळा तेच असतं. बुचाचं रबर दोन-तीन वर्षांनी कडक होतं, मग कितीही दाबा, झिरपतं.

मग फरशीचा उतार. बाल्कनीजवळच्या फरशीला मुद्दाम उतार दिलेला असतो. मशीनशेजारी गोटी ठेवून बघा. गोटी पळाली तर मशीन कलतं उभं आहे : एका बाजूचं पाणी काठावरून सांडतं आणि दुसऱ्या बाजूचा फ्लोट उचललाच जात नाही. हेही नसेल तर कोरडं मशीन वर्तमानपत्रावर उभं करून अर्धा तास चालवा. कागद कुठल्या कोपऱ्यात आधी भिजतो त्यावरून मेकॅनिकला नेमकी जागा दाखवता येते. ट्रेला तडा असेल तर एम-सील लावून हंगाम निघतो, जास्त नाही.

फिल्टर किती दिवसांनी धुवायचा?

पुस्तिका दोन आठवडे म्हणते. तुमची खिडकी रस्त्याकडे असेल किंवा बाजूला बांधकाम चालू असेल तर दर रविवारी. मागची जाळी सरकवली की फिल्टर हातात येतो. आधी झटका, मग कोमट पाण्याखाली उलट्या बाजूने, म्हणजे धूळ आली त्या विरुद्ध दिशेने धार सोडा. ब्रशने घासू नका, उन्हात ठेवू नका, सावलीत पूर्ण सुकवा. ओला फिल्टर घातलात तर वासाचा प्रश्न घेऊन तुम्हीच परत याल.

फिल्टरमागे दिसणाऱ्या चंदेरी पातळ पट्ट्या बोटाने दाबल्या तरी वाकतात. तिथे मऊ रंगाचा ब्रश वरून खाली फिरवा, आडवा नाही. वरची जाळी धुतली आणि खालची विसरली, असं फार जणांचं होतं. बऱ्याच मशीनना खालच्या गरम कॉइलसाठी वेगळी जाळी असते. मशीन जमिनीलगतची हवा खेचतं, त्यामुळे केस, धागे, लोकरीचे गोळे सगळे तिथेच सापडतात.

चालू केल्याबरोबर ओल्या पायपुसण्यासारखा वास येतो.

ट्रे आणि कॉइल ओली राहून कुजकट झालीत. ट्रे पूर्ण रिकामा करा, फिल्टर धुवा, मग नुसत्या फॅन मोडवर दोन-तीन तास चालवा. पुढे रोजची सवय म्हणून, बंद करण्याआधी १५-२० मिनिटं फॅनवर ठेवा. आत कापूर, अत्तर, रूम फ्रेशनर काही मारू नका. वास जात नाही, फक्त दोन वास होतात.

कॉइलवर बर्फ धरलाय. गारवा जास्त झाला म्हणायचा का?

उलट. हवा कॉइलवरून पुरेशी जात नाहीये. ९० टक्के वेळा फिल्टर तुंबलेला, किंवा मशीन पडद्याला, भिंतीला चिकटून उभं. कुलिंग बंद करून फॅनवर ठेवा, बर्फ आपोआप वितळू द्या. सुरीने, चमच्याने खरवडू नका. कॉइलच्या नळीला एक भोक पडलं की सगळा गॅस गेला. वितळल्यावर ट्रे एकदम भरतो, तयारीत राहा. फिल्टर स्वच्छ असूनही पुन्हा बर्फ धरला तर गॅस गळतोय असं समजा.

आणि १६ वर लावून खोली लवकर गार होत नाही. कॉम्प्रेसर बंद पडायचं नाव घेत नाही, एवढंच. २०२० पासून भारतात स्टार लेबलचे एसी सुरुवातीला २४ वर येतात ते उगाच नाही. बीईईच्या (हे स्टार देणारी सरकारी संस्था) हिशेबाने दर एक अंश वाढवला की साधारण ६ टक्के वीज वाचते. मी २६ आणि छताचा पंखा एकवर.

मेकॅनिक म्हणतो दरवर्षी गॅस भरावा लागतो.

दुसरा मेकॅनिक बघा. गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही, बंद नळ्यांमध्ये तोच फिरत राहतो. कमी झाला म्हणजे कुठेतरी गळतोय. गळती न शोधता वर गॅस भरणं म्हणजे फुटक्या माठात पाणी. पोर्टेबलमध्ये बऱ्याचदा गॅस भरायचा वॉल्व्हही दिलेला नसतो, नळी कापून डाग (झाळ) द्यावा लागतो.

मशीनच्या मागच्या पाटीवर गॅसचं नाव वाचा. आर-२९० असेल तर तो प्रोपेन आहे, म्हणजे स्वयंपाकाच्या सिलिंडरमधल्या दोन मुख्य वायूंपैकी एक. आर-३२ सुद्धा थोडाफार पेटतो. अशा मशीनजवळ समई, उदबत्ती, शेगडी नको, आणि डाग देणारा माणूस माहितीतला हवा.

जाड पाइप कुठे आणि कसा सोडायचा? पाण्याशी त्याचा काही संबंध आहे का?

पुष्कळ. पाइपाभोवतीच्या फटीतून बाहेर टाकलेली गरम, दमट हवा परत आत आली तर तेच पाणी आपण दोनदा काढतो. सरकत्या खिडकीला खोक्यातली पट्टी पुरत नाही, आपल्या खिडक्या उंच. बोर्ड रंगवणाऱ्याकडून सनबोर्ड खिडकीच्या मापाने कापून घ्या, गोल भोक पाडा, कडेला फोमची टेप. ग्रिल आणि खिडकीच्या मध्ये पाइपाचं तोंड आरामात मावतं. पाइप आखूड ठेवा, ताणून लांब करू नका, वळणं कमी. तो गरम असतो, म्हणजे खोलीतला हीटरच. चंदेरी फोमची शीट गुंडाळली की फरक हाताला कळतो.

एक पाइपच्या मशीनला बाहेरची हवा पूर्ण थांबवता येत नाही. जेवढी बाहेर गेली तेवढी कुठून तरी आत येणारच. ती हॉलमधून येऊ द्या, स्वयंपाकघरातून आणि बाथरूममधून नको. बाथरूममध्ये गॅस गिझर असेल तर तो चालू असताना एसी बंदच ठेवा. मशीन हवा खेचून घेतं, त्याबरोबर गिझरचा धूरही बेडरूमकडे ओढला जातो, आणि त्यात कार्बन मोनॉक्साइड असू शकतो. त्याला ना वास, ना रंग.

पावसाळ्यात कपडे वाळवायला चालतो का?

झकास. ड्राय मोड लावा, खिडक्या बंद, वाळत घालायचा स्टँड मशीनपासून हातभर लांब. या मोडमध्ये पाणी उडवणारं चाक बहुतेक मशीनमध्ये थांबतं, म्हणून वरच्या भोकाला नळी हवीच, नाहीतर तासा-दोन तासांत ट्रे भरतो. जुलैत जीन्स रात्रीत वाळते, ओलसर वास नाही.

एक्स्टेंशन बोर्डवर चालेल?

नाही. एक टनी मशीन हजार-चौदाशे वॉट खेचतं. १६ अँपिअरचा पॉवर प्लग, तोही भिंतीतला. मोबाइल चार्जरच्या बोर्डावर लावलेल्याचा प्लग आमच्या मजल्यावर वितळलेला आहे. लाइट जाऊन आली की कॉम्प्रेसर तीनेक मिनिटं सुरू होत नाही. बटणं दाबत बसू नका.

घर बदलतोय. टेम्पोत आडवा ठेवला तर?

उभाच न्या, आणि आदल्या दिवशी ट्रे रिकामा करा. नाहीतर टेम्पोतल्या गाद्या, पुस्तकं सगळं न्हाऊन निघतं. नाइलाजाने आडवा ठेवावा लागला, तर नव्या घरी २४ तास उभा ठेवून मगच चालू करा. कॉम्प्रेसरमधलं तेल नळ्यांत गेलेलं असतं, ते परत खाली उतरू द्यावं लागतं.

पावसाळा लागला की बांधून ठेवतो. काय काय करायचं?

घाई करू नका, ऑक्टोबर हीट बाकी असते. आम्ही दिवाळीनंतरच बांधतो. दोन्ही भोकांतून पाणी काढून बूच उघडं ठेवून फॅन मोडवर तीन-चार तास, म्हणजे आतली ओल जाते. फिल्टर धुऊन सुकवून परत. रिमोटमधले सेल काढा. पाइपाच्या तोंडात जुन्या बनियनचा बोळा कोंबा. झुरळं आणि पाली उबेला आत शिरतात आणि सर्किटवर मरतात. वरून जुनी सुती चादर, प्लॅस्टिक नको, आत घाम धरतो. आडवं किंवा माळ्यावर नाही. बूच परत लावून, दोरा तपासून, मशीन कोपऱ्यात. मार्चमध्ये चादर काढाल तेव्हा आधी पाइपातला बोळा काढा. मागच्या वर्षी मी विसरले, आणि वीस मिनिटं मशीनलाच शिव्या देत बसले होते.